कामाला लावणे आणि सोबत नेणे

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना धाडलेले एक पत्र मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचयाचे आहे. घोडदळ पावसाळा काढण्यासाठी तिथे उतरले होते आणि पत्राचा विषय आहे दाणा-वैरण. साठा पावसाळाभर पुरला पाहिजे. आत्ताच तो मनमानेल तसा उधळला तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याच्या घरचे धान्य आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजी. कशीबशी तग धरून राहिलेली रयत गाव सोडून जाईल, काही उपाशी मरतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. म्हणून जे हवे ते बाजारात पैसे देऊन घ्या. पत्र इथेही थांबत नाही. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढताना ठिणगी कुठे पडते ते पाहा, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी पेटेल.

हे पत्र व्यवस्थापनाचे की नेतृत्वाचे? या पुस्तकाचा सगळा विषय या प्रश्नात सामावला आहे, म्हणून सुरुवात इथून केली. रोज किती दाणा उचलायचा, तो कुणी मोजून द्यायचा, आग कुठे पेटवायची, ही व्यवस्था झाली. एवढेच सांगायचे असते तर चार ओळींचा हुकूम पुरला असता. पण पत्र लिहिणाऱ्याने प्रत्येक आज्ञेमागचे कारण उलगडून दाखवले आहे, आणि ते कारण शेवटी रयतेच्या घरापर्यंत जाऊन पोचते. पत्र ऐकणारा हवालदार आपली छावणी क्षणभर कुणब्याच्या ओसरीवरून पाहू लागतो. दाण्याचा हिशेब त्याला आधीही ठाऊक होता. तो हिशेब कुणासाठी पाळायचा, हे त्याला आता कळते. माणसांना कामाला लावणे आणि माणसांना सोबत नेणे यांतले अंतर मला इथे सर्वांत स्वच्छ दिसते. आणि ही दोन्ही कामे एकाच कागदावर, एकाच शाईने, एकमेकांत मिसळून झालेली आहेत हेही.

वाचकांपैकी कुणी कारखान्यात पर्यवेक्षक असेल, कुणी शाळेत मुख्याध्यापिका, कुणी बचत गटाची अध्यक्ष, कुणी नुकताच या विषयाच्या वर्गात नाव घातलेला विद्यार्थी. प्रत्येकाजवळ या विषयाचा काही ना काही अनुभव आहेच, कारण दुसऱ्याच्या हाताखाली काम केले नाही असा माणूस विरळा. तो अनुभव बाजूला ठेवून या अभ्यासात शिरू नका. पुढे ज्या अभ्यासकांची ओळख होईल, त्यांचे म्हणणे आपल्या साहेबाला, आपल्या मुकादमाला, आपल्या थोरल्या भावाला लावून पाहा. पटले नाही तर का पटत नाही ते लिहून ठेवा. हे क्षेत्र अशाच न पटलेल्या गोष्टींतून वाढले आहे.

त्याची आधुनिक सुरुवात बहुतेक जण फ्रेडरिक टेलरपासून धरतात. अमेरिकेतल्या पोलादाच्या कारखान्यांत त्याने कामाचे तुकडे पाडले, घड्याळ लावून ते मोजले आणि १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली. बेथलेहेम कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन वाहत असे, तोच आपल्या पद्धतीने ४७ टन वाहू लागला, ही त्याने सांगितलेली हकीकत जगभर पसरली. पुढच्या संशोधकांनी ती पुष्कळ तपासली आणि तिच्यातले बरेचसे रंगवलेले आहे असे दाखवले. टेलरला मजुरांचा वैरी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. काम वाढले तर मजुरीही वाढली पाहिजे, असे तो आग्रहाने सांगत असे. त्याची खरी अडचण वेगळी आहे. विचार करणारा एक आणि काम करणारा दुसरा, अशी वाटणी त्याने कायमची मानली. मजूर काय म्हणतो हे ऐकण्याची जागाच त्या रचनेत उरली नाही.

ही जागा मेरी पार्कर फॉलेटने मोकळी केली. बॉस्टनमध्ये वस्त्यांतील सामाजिक केंद्रांचे काम करता करता ती संघटनांच्या विचारापर्यंत पोचली. दुसऱ्यावर चालवायची सत्ता आणि दुसऱ्यासह उभी करायची सत्ता यांत तिने भेद केला. हुकूम कुणी कुणाला द्यायचा यावर डोके खपवण्यापेक्षा समोरची परिस्थिती काय मागते आहे हे दोघांनी मिळून शोधावे आणि दोघांनीही त्या परिस्थितीचा हुकूम मानावा, असे ती १९२०च्या दशकात सांगत होती. १९३३ मध्ये ती वारली आणि त्यानंतर बराच काळ तिच्याकडे दुर्लक्ष झाले. आज तिचे लेखन वाचताना वाटते, या क्षेत्रातले अनेक नंतरचे शोध तिने आधीच लिहून ठेवले होते. नव्या वाचकाने एकाच जुन्या लेखकाला हात घालायचा ठरवले तर मी तिचे नाव सुचवीन.

‘व्यवस्थापक आणि नेता हे वेगळे असतात का’ हा प्रश्न थेट शब्दांत विचारला गेला तो १९७७ मध्ये. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयातले अब्राहम झालेझनिक मनोविश्लेषणाच्या अंगाने विचार करणारे. त्यांनी उत्तर दिले की ही दोन वेगळ्या घडणीची माणसेच आहेत: एकाला सुव्यवस्था आणि नियंत्रण प्रिय, दुसरा अनिश्चिततेत रमणारा. पुढच्याच वर्षी इतिहासकार जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देवाणघेवाणीचे नेतृत्व आणि परिवर्तनाचे नेतृत्व अशी विभागणी केली. १९९० मध्ये जॉन कॉटर यांनी मांडले की व्यवस्थापन गुंतागुंत सांभाळते आणि नेतृत्व बदल घडवते. या तिघांचे म्हणणे पुढे इतक्या वेळा उद्धृत झाले की त्यातून एक लोकप्रिय चित्र तयार झाले: वर स्वप्न पाहणारा नेता, खाली खर्डेघाशी करणारा व्यवस्थापक.

या चित्राने विषयाचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. हेन्री मिंट्झबर्गने पाच संस्थाप्रमुखांचे दिवस जवळ बसून नोंदवले होते आणि १९७३ सालीच ते पुस्तकात मांडले होते. शांतपणे योजना आखणारा माणूस त्याला सापडला नाही. त्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आतली होती. फोन, अचानक आलेला माणूस, एक सही, एक तक्रार. नेतृत्वासाठी वेगळा राखून ठेवलेला वेळ त्या दिवसांत कुठेच नव्हता. जे काही नेतृत्व होते ते त्या नऊ मिनिटांतच करावे लागत होते. तेव्हा दोन प्रकारची माणसे शोधण्यापेक्षा दोन प्रकारची कामे ओळखायला शिकणे अधिक फलदायी आहे. काय करायचे यावर एकमत झालेले आहे आणि आता ते नीट, वेळेत, कुणाला इजा न होता पार पाडायचे आहे, तिथे व्यवस्थापन. काय करायचे, कशासाठी करायचे, त्याची किंमत कुणी मोजायची, यावरच एकमत नाही आणि समोरचा माणूस नाही म्हणू शकतो, तिथे नेतृत्व. नाही म्हणण्याची ही मोकळीक माझ्या दृष्टीने कळीची आहे. बर्न्स यांनीही निव्वळ सत्ता गाजवणाऱ्याला नेता म्हणायचे नाकारले होते. त्यांच्या मांडणीतला हा भाग लोकप्रिय चित्रातून गळून गेला.

हे अमूर्त राहू नये म्हणून एकाच शहरातल्या, ३५ वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवू. शहर अहमदाबाद, दोन्ही वेळा कापडगिरण्या, आणि दोन्ही वेळा साराभाई कुटुंब.

१९१७ मध्ये शहरात प्लेग होता. कामगार पळून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी भरघोस प्लेग-बोनस दिला आणि साथ ओसरल्यावर १९१८च्या सुरुवातीला तो थांबवायचे ठरवले. युद्धामुळे महागाई भडकली होती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले. मालकांच्या बाजूचे प्रमुख होते अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. गांधीजींनी मध्ये पडल्यावर पहिले काम काय केले? आकडेमोड. दरांची आणि खर्चाची चौकशी करून त्यांनी आपल्याच माणसांना सांगितले की ५० ही मागणी टिकणारी नाही, ३५ न्याय्य आहे. स्वतःच्या अनुयायांना मागणी खाली आणायला लावणे हे नेतृत्वातले फार अवघड काम, आणि ते घोषणेने झाले नाही, हिशेब मांडून झाले. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. साबरमतीच्या काठी झाडाखाली रोज सभा, रोज नवे पत्रक. हातावर पोट असलेल्या माणसांना काम हवे म्हणून आश्रमातल्या विणकामशाळेच्या पायाभरणीत वाळू भरण्याचे काम काढले गेले. ती कल्पना आश्रमातले गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांची. डोक्यावर टोपली घेतलेल्या कामगारांची रांग नदीच्या पात्रातून वर येई आणि अनसूयाबेनही तिच्यात असत. संपाचा इतिहास सांगताना हे वाळूचे काम बहुधा एका वाक्यात उरकले जाते. माझ्या मते ते मध्यभागी ठेवायला हवे. रोजची चूल पेटती ठेवण्याची सोय नसती तर ३५ टक्के मिळेपर्यंत कामावर न जाण्याची कामगारांची प्रतिज्ञा आठवडाभरही टिकली नसती.

तरीही ही प्रतिज्ञा डगमगली. मालकांनी टाळेबंदी उठवली आणि २० टक्क्यांवर येणाऱ्यांना कामावर घेऊ म्हटले. कामगारांत कुजबुज सुरू झाली की गांधीजींचे आणि अनसूयाबेनचे काय जाते, ते मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात, उपाशी आम्ही मरतो. हा टोमणा कानावर आल्यावर १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभला आणि १८ तारखेला तडजोड झाली. पुढे लवादाने, आनंदशंकर ध्रुवांनी, ३५ टक्केच मान्य केले. ही कथा इथे संपवली तर ती गौरवगाथा होईल. पण गांधीजींनी स्वतःच नंतर कबूल केले की हा उपवास सदोष होता; मालकांशी त्यांचा स्नेह होता, त्यामुळे त्यांच्यावर दडपण आले. कामगारांना जागे करण्यासाठी केलेली कृती दुसऱ्या बाजूची नाही म्हणण्याची मोकळीक हिरावून घेत होती. नेतृत्व आणि जबरदस्ती यांच्या सीमेवर उभे राहून नेत्याने स्वतःच ती सीमा दाखवावी, असे उदाहरण या क्षेत्रात मला दुसरे आठवत नाही. अभ्यासाला ते अमोल आहे.

आता १९५३. त्याच साराभाईंची कॅलिको मिल. सूत्रे आता अंबालालांचे चिरंजीव गौतम यांच्याकडे. नवे स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते आणि कापड खराब होत होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतून ए. के. राइस आले. त्यांनी पाहिले की टेलरच्या वळणाने काम १२ निरनिराळ्या भूमिकांत तुकडे-तुकडे झाले आहे. कुणी फक्त तुटलेला धागा जोडणारा, कुणी फक्त कांड्या भरणारा, कुणी फक्त तेल घालणारा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी. त्यामुळे कुणाचे काम नक्की कुणाशी बांधलेले आहे हे कुणालाच सांगता येत नसे. सगळे जण हजर असत, सगळे कामात असत, पण अमुक मागांचे कापड आमचे, असे म्हणणारे कुणी नव्हते. राइस यांनी सुचवले की ६४ मागांमागे सात जणांचा एक गट करावा आणि आतली कामे गटानेच वाटून घ्यावीत. पर्यवेक्षकांशी याची चर्चा चालू असतानाच कामगारांनी ती कल्पना उचलली आणि आपले गट आपणच जुळवून आणले. कुणाशी कुणाचे पटते, कुणाचा हात कशात चालतो, हे वरच्या कुणाला इतक्या लवकर ठरवता आले नसते. सुरुवातीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले आणि नुकसान घटले.

इथे नेता कोण? राइस, गौतम साराभाई, की ते विणकर? व्यवस्थापनाने रचना मोकळी केली, आणि त्या मोकळ्या जागेत ज्यांच्या नावापुढे कसलेही पद नव्हते अशा माणसांनी पुढाकार घेतला. १९१८ मध्ये नेतृत्व व्यवस्थेच्या तपशिलावर उभे होते. १९५३ मध्ये व्यवस्थेतल्या एका बदलाने नेतृत्वाला वाट मिळाली. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतचा पाठपुरावा केला, तेव्हा काही ठिकाणी गट टिकले होते, काही ठिकाणी ती पद्धत विरून गेली होती. बाजार बदलला, वरचे लोक बदलले, आणि गटांच्या बाजूने उभे राहणारे उरले नाहीत तिथे जुनी घडी परत बसली. यशस्वी प्रयोगाच्या दहा वर्षांनंतरचा अहवाल शोधण्याची सवय या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

भारतीय अभ्यासकांपैकी पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांची भेट लवकर घ्यावी. १९८० मध्ये त्यांनी मांडले की आपल्याकडच्या हाताखालच्या माणसाला वरिष्ठाकडून जिव्हाळ्याची अपेक्षा असते. एकदम समान सहभाग मागितला तर तो गोंधळतो. म्हणून वरिष्ठाने माया लावावी, पण कामाशी बांधून लावावी, आणि माणूस तयार होत जाईल तसे निर्णय त्याच्याकडे सोपवत जावे. आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत वावरलेल्या कुणालाही यातले सत्य जाणवेल. मला त्यातला शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त चुकवला जातो. माया लावली जाते, काम करून घेतले जाते, सोपवायचे मात्र राहून जाते. वीस वर्षे काम केलेल्या माणसालाही ‘आपले लेकरू’ म्हणून वागवणारा साहेब स्वतःला नेता समजत असतो.

महाराष्ट्राकडे वळायचे तर अभ्यासाची खाण सहकारी साखर कारखान्यांत आहे. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ आणि विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी यांनी मिळून प्रवरेचा कारखाना उभा केला, त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. अध्यक्ष, संचालक, कार्यकारी संचालक, शेतकी अधिकारी या साखळीवरही लेखन सापडते. ज्याच्यावाचून बॉयलर पेटून उपयोग नाही, त्या ऊसतोडणीच्या मुकादमाकडे मात्र या शास्त्राच्या नजरेने फारसे कुणी पाहिलेले नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडचे मुकादम आपापल्या टोळ्या घेऊन निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; किती कोयते आणणार त्यावर मुकादमाची पत. पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला उचल दिलेली असते. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, याला ती खर्ची पडलेली असते आणि हंगामभर तोडून ती फेडायची असते. फडावर कुणाला कुठली सरी, गाडी कुणी भरायची, शेतकी खात्याच्या माणसाशी चिठ्ठीवरून कोण भांडणार, बाळंतीण झालेल्या बाईला किती दिवस खोपीवर राहू द्यायचे, रात्री दारू पिऊन झालेली मारामारी कुणी सोडवायची, हे सगळे एका माणसाच्या शब्दावर चालते. तो बहुधा त्यांच्याच गावचा, पुष्कळदा त्यांच्याच भावकीतला असतो. आजारी पोराला घेऊन मध्यरात्री मोटारसायकलवर दवाखाना गाठणाराही तोच, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला बांधून ठेवणाराही तोच. कुणी पळून गेले तर त्या पैशाचा बोजा त्याच्याच डोक्यावर येतो, कारण त्यानेही ती रक्कम वरून उचललेली असते.

या माणसाला काय म्हणायचे? टेलरच्या घड्याळात तो बसत नाही. सिन्हा यांच्या मायाळू वरिष्ठाच्या तो जवळ जातो, पण सोपवणे हा टप्पा त्याच्या हाती नाही. बर्न्स विचारतील, टोळीतल्या बाईला नाही म्हणता येते का? उचल घेतलेली असेल तर येत नाही, आणि म्हणून तिचे त्याच्यामागे जाणे अनुसरण ठरत नाही. पण तीच बाई, उचल फिटलेली असताना, दुसऱ्या मुकादमाने जास्त पैसे देऊ केले तरी याच्याच टोळीत राहते तेव्हा काय घडलेले असते? फेडलेल्या उचलीनंतर कोण कुणाच्या टोळीत राहिले, कोण गेले, जाणाऱ्यांनी काय कारणे सांगितली, बायकांना ती कारणे वेगळी विचारली तर काय ऐकू आले, ही नोंद एका तालुक्यापुरती आणि चार हंगामांची कुणी ठेवली, तर या पुस्तकातली निम्मी प्रकरणे पुन्हा लिहावी लागतील. फडावर जाण्याची, खोपीत बसून ऐकण्याची आणि उचलीच्या वह्या वाचण्याची तयारी असलेला वाचक या प्रस्तावनेला हवा आहे.